जुनी फटफटी व तिची सुधारणा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या पडवींत त्यांच्या वडिलांच्या वेळची एक मोटारसायकल, किंवा जुनीं माणसें म्हणत त्याप्रमाणें फटफटी, कित्येक वर्षें ताडपत्रीखालीं उभी होती. मुलाच्या मनांत आलें कीं, जुन्या बाजारांतून सुटे भाग आणावे, घरच्या घरीं ती गाडी उघडावी आणि तिला पूर्वीपेक्षां अधिक वेगवान् करावें. वडिलांस धास्ती पडली. त्यांनीं विचारलें, "सर, ह्या नादापासून त्याला आवरूं, कीं करूं देऊं?" आम्हीं त्या वेळीं नीट उत्तर दिलें नाहीं. हा प्रश्न एका घरचा नाहीं, पुष्कळ घरचा आहे. म्हणून त्याचें उत्तर ह्या वार्षिकांतच द्यावें असें आम्हीं ठरविलें.

प्रथम एका मनुष्याची हकीकत सांगतों. न्यूझीलंड देशाच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नांवाचें शहर आहे. तेथील बर्ट मन्रो ह्यानें १९२० सालीं ‘इंडियन स्काउट’ ह्या नांवाची मोटारसायकल विकत घेतली. नांवावरून ती आपल्या देशांत तयार झाली असावी असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील एका कारखान्याचें तें नांव होतें. गाडीचें इंजिन दोन सिलिंडरांचें व सुमारें ६०० घनसेंटिमीटरचें होतें आणि तिचा अधिकांत अधिक वेग तासी सुमारें ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर होता. सत्तेचाळीस वर्षांनंतर, १९६७ सालीं, अमेरिकेंतील युटा संस्थानांत बॉनव्हिल येथील मिठाच्या विस्तीर्ण मैदानावर त्याच मन्रोनें त्याच गाडीवर बसून तासी १८३ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारें २९५ किलोमीटर वेग गांठला. हजार घनसेंटिमीटरपेक्षां लहान इंजिनांच्या वर्गांतील तो विक्रम ठरला. मन्रोचें वय त्या वेळीं ६८ वर्षांचें होतें. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या दिवशींच्या सरासरीच्या हिशेबांत चूक झाल्याचें मन्रोच्या मुलाच्या पुढें लक्षांत आलें, आणि २०१४ सालीं तो आंकडा १८४.०८७ मैल असा सुधारण्यांत आला. बापाचें १९७८ सालींच निधन झालें होतें. तरी खरें उत्तर मिळालेंच.

हें कसें साधलें हें समजण्यास इंजिन कसें चालतें तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. इंजिन म्हणजे मूलतः एक नळी व तींत वर-खालीं होणारा दट्ट्या. नळीस सिलिंडर व दट्ट्यास पिस्टन म्हणतात. पिस्टन पहिल्या खेपेस खालीं येतो तेव्हां पेट्रोलची वाफ मिसळलेली हवा आंत ओढली जाते. दुसऱ्या खेपेस तो वर जातो. त्या वेळीं दोन्ही झडपा बंद असतात, म्हणून तें मिश्रण दाबलें जातें. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, आणि तिसऱ्या खेपेस पिस्टन जोरानें खालीं ढकलला जातो. चौथ्या खेपेस तो वर येऊन जळलेला वायु बाहेर लोटतो. चार खेपांपैकीं एकच काम करणारी. बाकीच्या तीन तिची सिद्धता करणाऱ्या. पायानें चालवावयाच्या शिवणयंत्रांत पायाखालची फळी वर-खालीं होते आणि एका दांड्याच्या योगानें चाक फिरतें. इंजिनांत त्या दांड्याचें काम कनेक्टिंग रॉड करितो.

ह्यावरून शक्ति वाढविण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग, सिलिंडर मोठा करावा, म्हणजे प्रत्येक खेपेस अधिक मिश्रण जळेल. दुसरा, तें मिश्रण अधिक दाबावें; एक-पंचमांश जागेंत दाबण्याऐवजीं एक-सप्तमांश जागेंत दाबलें तर तेवढ्याच पेट्रोलापासून अधिक काम मिळतें. तिसरा, इंजिनाचा श्वासोच्छ्वास मोकळा करावा, म्हणजे तें अधिक वेगानें फिरूं शकेल. मन्रोच्या गाडीच्या झडपा मुळांत सिलिंडरच्या बाजूस होत्या; मिश्रणास वळण घेऊन आंत शिरावें लागे. त्यानें नवीं डोकीं तयार करून झडपा सिलिंडरच्या माथ्यावर आणिल्या, म्हणजे मिश्रणाची वाट मोकळी झाली. ६०० घनसेंटिमीटरचें इंजिन वाढत वाढत अखेरीस सुमारें ९५० घनसेंटिमीटरचें झालें.

हें सर्व त्यानें आपल्या शेडमध्यें, बव्हंशीं स्वतःच्या हातांनीं केलें. टाकून दिलेल्या ओतीव लोखंडाच्या नळांपासून त्यानें सिलिंडर केले. जुन्या डब्यांचे सांचे करून त्यांत पिस्टन ओतले. ट्रॅक्टरच्या आंसाच्या पोलादांतून कनेक्टिंग रॉड घडविले. आणि सूक्ष्म माप घेण्याचें उपकरण चाकाच्या जुन्या स्पोकपासून बनविलें. हें वाचून पुष्कळ मुलांस वाटेल कीं, मग आपण तरी मागें कां राहावें? परंतु त्याच शेडमध्यें आणखी एक वस्तु होती, ती विसरतां कामा नये. एका फळीवर त्यानें फुटलेले पिस्टन व मोडलेले रॉड ओळीनें मांडून ठेविले होते, आणि हे वेगाच्या देवास वाहिलेले नैवेद्य होत, अशा अर्थाचा विनोदी लेख तेथें लिहिला होता. आमच्या मतें त्या शेडमधील सर्वांत मोलाची वस्तु ती फळीच होय.

कारण असें कीं, यंत्रांत कोणताहि भाग एकटा नसतो. सिलिंडर मोठा केला तर पिस्टनवरील जोर वाढतो आणि रॉड मोडतो. रॉड बळकट केला तर तोच जोर बेअरिंगावर जातो व तें झिजतें. मिश्रण अधिक दाबलें तर उष्णता वाढते, तें वेळेपूर्वींच पेटूं लागतें आणि आंत हातोडीनें ठोकल्यासारखा आवाज येतो. तिकडे दुर्लक्ष केलें तर पिस्टनला भोंक पडतें. म्हणजे आपण एके ठिकाणची दुर्बलता काढून टाकितों असें आपणांस वाटतें, पण खरोखर तिला शेजारच्या भागांत ढकलितों. मन्रो मोडलेला भाग फेंकून देत नसे. तो कां मोडला हें त्यास कळलें म्हणूनच पुढचा भाग अधिक काळ टिकला.

आतां आमची स्वतःची हकीकत सांगणें प्राप्त आहे, व ती गौरवाची नाहीं. २००३ सालीं आम्ही नुकतेच शिक्षक झालों होतों आणि आमच्याजवळ एक जुनी बुलेट होती. तिच्या पुढच्या दातेरी चक्रास १६ दाते व मागच्या चक्रास ३८ दाते होते. म्हणजे मागचें चाक एकदां फिरण्यास पुढचें चक्र २.३७५ वेळां फिरावें लागे. आम्हीं जुन्या बाजारांतून १७ दातांचें चक्र आणून पुढें बसविलें. आतां तेंच प्रमाण सुमारें २.२३५ झालें. इंजिन तितकेंच फिरलें तरी गाडी सुमारें ६ टक्के अधिक पळे. अर्थात् चढावर तिची ओढ तितकीच कमी होई. एवढा हिशेब आम्हीं कागदावर मोठ्या अभिमानानें केला होता.

जो हिशेब केला नाहीं तो असा. पुढचें चक्र मोठें झालें, चेन मात्र तीच राहिली. म्हणून मागचें चाक किंचित् पुढें घ्यावें लागलें. चाक पुढें आलें तसा पायांतील ब्रेकचा दांडा ढिला पडला. तो पुन्हां आंवळावयास पाहिजे होता. परंतु वेग पाहण्याची आम्हांस इतकी घाई झाली होती कीं, चेन ताणली, आंसाचा नट आंवळला, आणि धाकट्या भावास मागें बसवून आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीच्या वाटेस लागलों. सपाट रस्त्यावर ब्रेक थोडा मऊ लागतो असें वाटलें, पण थांबून पाहण्याचा आम्हीं कंटाळा केला. आंबा घाट उतरतांना एका वळणावर पाय दाबला, तों तो पार खालीं गेला व चाकास म्हणण्यासारखी पकड बसलीच नाहीं. पुढचा ब्रेक घाबरून एकदम दाबल्यामुळें गाडी खडीवर घसरली आणि डोंगराच्या बाजूस आदळली. दरीच्या बाजूस गेली असती तर हा लेख लिहावयास आम्ही राहिलों नसतों. आम्ही खरचटण्यावर निभावलों. भावाचा उजवा हात कोपराशीं मोडला. तो हात आजहि पुरता सरळ होत नाहीं. त्यानें ह्याबद्दल आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं, आणि म्हणूनच ती गोष्ट आम्हांस अधिक लागते.

पुढच्या एका दात्याचा संबंध मागच्या ब्रेकशीं आहे, हें कोणत्याहि दुकानदारानें आम्हांस सांगितलें नव्हतें. पण गाडीपाशीं बसून विचार केला असता तर आमचें आम्हांसच दिसलें असतें. म्हणून ह्या विषयाचा पहिला नियम आम्ही असा सांगतों, कीं वेग वाढविण्यापूर्वीं थांबण्याची शक्ति वाढवावी.

ह्या नियमास गणिताचा आधार आहे. धांवणाऱ्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ४० किलोमीटरवरून वेग ६० झाला म्हणजे तो दीडपट झाला, परंतु थांबवावयाची ऊर्जा सव्वादोनपट झाली. समजा, ब्रेक चांगला असून दर सेकंदास वेग सेकंदीं ५ मीटरनें कमी होतो. ताशीं ४० किलोमीटर असतां ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारें १२ मीटरांत थांबेल. ६० असतां तीस सुमारें २८ मीटर लागतील. शिवाय संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच, व तेवढ्यांत गाडी पहिल्या वेळीं ११ व दुसऱ्या वेळीं जवळजवळ १७ मीटर पुढें गेलेली असते. एकंदर अंतर २३ मीटर व ४५ मीटर. रस्त्यावर चेंडूमागें धांवणारें मूल ह्या दोन आंकड्यांच्या मध्यें उभें असूं शकतें. बॉनव्हिलच्या मैदानावर मैलोगणती कोणीहि आडवें येत नाहीं. आपल्या गांवच्या रस्त्यावर गाय, म्हातारें माणूस, सायकलस्वार व शाळा सुटलेलीं मुलें असतात. मन्रोनेंहि आपल्या छंदापायीं अनेकदां अपघात सोसले. परंतु जीव धोक्यांत घातला तो स्वतःचा.

ह्यास्तव घरीं जुनी गाडी सुधारणाऱ्यानें पुढील क्रम राखावा. प्रथम टायर, ब्रेक, चाकांचे बेअरिंग, हँडलचे बेअरिंग, चेन व तारा पाहाव्या. मग दिवे, भोंगा व विजेच्या वायरी. त्यानंतर कार्ब्युरेटर स्वच्छ करून हवा व पेट्रोल यांचें प्रमाण साधावें आणि ठिणगीची वेळ बरोबर लावावी. अनुभव असा आहे कीं, जुन्या गाडीचा गेलेला वेग बहुधा एवढ्यानेंच परत येतो; नवा वेग आणण्याचें कारणच उरत नाहीं. इंजिन उघडण्याची पाळी सर्वांच्या शेवटीं. वायरींचें काम करण्यापूर्वीं बॅटरी सोडावी, पेट्रोलाजवळ विस्तव आणूं नये, आणि बंद खोलींत इंजिन कधींहि चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूस वास नसतो व तो माणसास नकळत मारितो.

जुन्या भागांविषयीं दोन शब्द. जे भाग झिजण्यासाठींच केलेले असतात ते जुने घेऊं नयेत. टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, क्लचच्या व ब्रेकच्या तारा, चेन आणि हेल्मेट हीं नवींच घ्यावीं. चिखलरोधक, पेट्रोलची टांकी, सीट, दिव्याची वाटी, हँडल, पाय ठेवण्याचे दांडे, इंजिनाचीं झांकणें, असे भाग जुने घेण्यास हरकत नाहीं. मात्र पारखून घ्यावे. पुढच्या काट्याच्या नळ्या सपाट कांचेवर गडगडवून पाहाव्या. वांकडी नळी डोलते. ओतीव भाग दोरीनें टांगून हलके ठोकावा. अखंड असेल तर घंटेप्रमाणें नाद देतो, तडा असेल तर बद्द वाजतो. चाक उभें फिरवून कडेजवळ पेन्सिल धरावी, म्हणजे रिम कोठें वांकली आहे तें कळतें. आट्यांत चांगला बोल्ट बोटांनींच फिरवून पाहावा. आणि भाग कोठून आला हें विचारून पावती घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. विशेषतः इंजिनावरील क्रमांक घांसलेला दिसला तर तो माल कितीहि स्वस्त असो, तेथून निघून यावें. कोणाच्या तरी दारांतून चोरलेल्या गाडीवर आपली गाडी चांगली करणें ही सुधारणा नव्हे.

कायद्याचेंहि भान ठेविलें पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपुस्तकांतील माहिती व कारखान्यानें ठरविलेलें स्वरूप यांशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. म्हणून इंजिन बदलणें किंवा सांगाडा कापणें ह्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन विचारावें व लेखी परवानगी घ्यावी. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षें पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनें त्या कायद्यांत घातलेल्या कलम १९९अ प्रमाणें अल्पवयी मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. पालकांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.

सायलेन्सरविषयीं आमच्या मुलांचा एक मोठा गैरसमज आहे. तो काढून मोकळा पाइप लाविला कीं गाडीची शक्ति वाढते, असें त्यांस वाटतें. वस्तुतः कार्ब्युरेटर व धुराची वाट हीं एकमेकांस अनुरूप बसविलेलीं असतात. एक बदलून दुसरें तसेंच ठेविलें तर मिश्रण बिघडतें व पुष्कळदां ओढ कमीच होते. वाढतो तो आवाज. तो आवाज रुग्णालयांतील आजाऱ्यास व परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या शेजारच्या मुलास ऐकूं जातो, आणि त्यांनीं तो मागितलेला नसतो.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाचें उत्तर. मुलास आवरूं नका. ज्याच्या हातांत पाना आला त्याच्या हातांत वर्षभर टिकणारी एक शाळा आली. भूमितींतील वर्तुळ, रसायनांतील ज्वलन, पदार्थविज्ञानांतील घर्षण व गणितांतील प्रमाण हीं त्यास एकाच गाडींत भेटतील. मात्र तीन अटी घाला. पहिली, त्यानें एक वही ठेवावी. कोणता भाग कोणत्या दिवशीं काढला, कसा होता, काय बदलला व त्यामुळें शेजारच्या कोणत्या भागावर परिणाम होईल, हें लिहिल्याखेरीज एकहि बोल्ट फिरवूं नये. दुसरी, मोडलेला किंवा झिजलेला भाग लगेच भंगारांत न देतां फळीवर ठेवावा व कां मोडला तें शोधावें. तिसरी अट तुम्हांसाठीं आहे. रविवारीं दुपारीं एक तास तुम्हीं स्वतः त्याच्याजवळ बसावें. तुम्हांस यंत्रांतलें कांहीं कळत नसेल तरी चालेल, दिवा धरण्यास कोणीतरी लागतेंच, आणि घाई करणाऱ्यास "ब्रेक पाहिलास का?" असें विचारणारें माणूस जवळ असणें हें कोणत्याहि हत्यारापेक्षां अधिक उपयोगाचें आहे. आमच्याजवळ त्या दिवशीं तेवढेंच नव्हतें.

हा लेख छापण्यास देण्यापूर्वीं तो विद्यार्थी आम्हांस शाळेच्या पायऱ्यांवर भेटला. आमचें हें म्हणणें वडिलांकरवीं त्याच्या कानीं गेलेंच होतें. त्यानें आपली वही दाखविली. पहिल्या पानावर गाडीचें चित्र असेल अशी आमची अपेक्षा होती. तेथें पुढच्या व मागच्या ब्रेकच्या लायनरची जाडी मिलिमीटरमध्यें लिहिलेली होती व खालीं वडिलांच्या अक्षरांत तारीख होती. गाडी अजून सुरू झालेली नाहीं, व त्याची त्यास घाईहि दिसली नाहीं. आम्हीं त्यास आमच्या घरीं बोलाविलें आहे. तें १७ दातांचें चक्र आम्हीं फेंकलें नाहीं. पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर तें ठेविलेलें आहे. तें हातांत घेऊन त्याची कथा आमच्या भावाच्याच तोंडून त्यानें ऐकावी, अशी आमची इच्छा आहे.